प्रेस चालू झाली की सीआरसी पळायचे

वणी तालुक्यातल्या एका जिनिंगचं काम डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय. ऐन सीझन, कापसाच्या बंड्या अन् ट्रॅक्टर पार डांबरी रोडपर्यंत लागलेले, आणि काट्यावर वजन झालं की एंट्री सर्वरला सेव्हच होईना. एंट्रीसोबत गाडीचा फोटो जातो, तिथंच स्क्रीन अडकायची. एक आजोबा सारखे खिडकीशी यायचे, "काऊन हो भाऊ, होते का नाई आज?"

सॉफ्टवेअरवाल्यांनी फोनवरच निकाल देऊन टाकला होता, सर्वर जुना झाला, नवा घ्या. त्यांच्या पोराने ड्रॉप्ड पॅकेट दिसले म्हणून रिंग बफर, म्हणजे नेटवर्क कार्डावर आलेली पॅकेट (डेटाचे तुकडे) प्रोसेसर उचलेपर्यंत रांगेत ठेवायची जागा, २५६ चा ४०९६ करून ठेवलेला. अरे पण तो वाढवायचा कधी, पॅकेट कार्डावर येऊन पडतात अन् उचलायला प्रोसेसरला सवड नसते तेव्हा, आणि तसं असतं तर कार्डाच्या नोंदीतला मिस्ड किंवा फिफोचा आकडा चढला असता, तो शून्य होता. ड्रॉप्डवर मी घड्याळ लावलं, बरोबर दर ३० सेकंदाला एक. ते स्विचचं, म्हणजे नेटवर्कच्या वायरी जिथं जुळतात त्या डब्याचं, एलएलडीपी. स्विच आपली ओळख सांगत राहतो, सर्वरवर ते ऐकणारं कोणी बसवलेलंच नाही, म्हणून कर्नल, म्हणजे सर्वरच्या सिस्टिमचा गाभा, ते टाकून देतो अन् ड्रॉप्डमध्ये धरतो. त्याने कोणाचं काही बिघडत नाही. आकडा दिसला की सेटिंग बदलायची, तो कशाचा आहे हे बघायचंच नाही, ह्या सवयीचा मला खरंच राग येतो.

खरी गोष्ट इथटूलच्या (कार्डाचे आकडे दाखवणारी कमांड) यादीत खाली होती, आरएक्स सीआरसी एरर्स, म्हणजे खराब होऊन आलेल्या फ्रेमचा आकडा. वायरवरून पॅकेट ज्या वेष्टनात जातं ती फ्रेम. वाटेत फ्रेम खराब झाली की तिच्या शेवटच्या ३२ बिटांचा हिशेब जुळत नाही, कार्ड ती फेकून देतं, मग टीसीपी, डेटा पोचला की नाही हे बघणारा नियम, वाट पाहून परत पाठवतो, तीही गेली की वाट पाहणं दुप्पट. आणि आपले नेहमीचे स्विच पूर्ण फ्रेम घेऊन, तपासून मगच पुढं सोडतात, खराब असली तर तिथंच टाकतात. म्हणजे सर्वरच्या कार्डावर सीआरसी दिसतोय तर काट्याकडून स्विचपर्यंतच्या वायरचा ह्या आकड्याशी संबंधच नाही, बिघाड स्विच ते सर्वर एवढ्याच तुकड्यात. सगळे तिकडे काट्याची केबिन उघडून बसले होते. दोन टोकांची डुप्लेक्स सेटिंग जुळत नसली तरी सीआरसी येतात, पण दोन्हीकडे फुल डुप्लेक्स (एकाच वेळी पाठवणं अन् घेणं) होतं, तीही शंका मिटली. "पण पिंग तर येते ना," हे फोनवर चालूच. पिंग म्हणजे समोरचं मशीन उत्तर देतं का ते बघायची हाक, साधा पिंग ५६ बाइटचा, मी १४७२ चा लावला तर धडाधड टाइम आउट. लांब फ्रेमला वाटेत मार बसायचे चान्स जास्त, फोटो अडकायचा तो त्याच्यामुळेच.

मग आकड्यावर वॉच लावून बसलो. जेवणाच्या सुट्टीत कापसाच्या गाठी बांधायची प्रेस बंद झाली, आकडा जागेवर थांबला. प्रेस चालू झाली, पळायला लागला. तिथल्या वायरमनला घेऊन स्विच ते सर्वरची वायर धरत धरत गेलो तर ती प्रेसच्या मोटरच्या थ्री फेज केबलसोबत एकाच ट्रेमध्ये, झिपटायने आवळून बांधलेली. काम दिसायला इतकं नीटनेटकं की कोणाला संशय येणार नाही.

माणसं ताटकळत होती, वणीहून कॅट सिक्स (नेटवर्कची वायर) मागवली, वेगळ्या पाइपातून दुसऱ्या भिंतीने ओढली, दोन्ही टोकं पंच केली. प्रेस चालू असताना आकडा हलला नाही, मोठे पिंग सरळ यायला लागले, रांग सरकली, नव्या सर्वरची ऑर्डरही थांबली.

पण जुन्या वायरचा तुकडा घरी आणून ब्लेडने तार खरवडली तर वर तांब्याचा नुसता मुलामा, आतून पांढरं ॲल्युमिनियम, अन् वायरवर छापलेलं कॅट फाइव्ह ई. मग दोष मोटरचा की वायरचा? घाईत वाट अन् वायर दोन्ही एकदमच बदलल्या. प्रेससोबत आकडा पळायचा म्हणजे मोटर तर आहेच, पण चांगल्या तांब्याच्या वायरने त्याच ट्रेमध्ये तग धरला असता का, हे मला सांगता येत नाही. मालकाशी बोलून ठेवलंय, सीझन संपायच्या आत चांगल्या वायरचा तुकडा त्याच ट्रेमधून टाकायचा, दुसऱ्या टोकाला लॅपटॉप लावायचा आणि प्रेस चालू ठेवून आकडा बघायचा.