डोंग्यातून डुबकी

रविवार, रात्री

आंघोळ करूनही अंगाचा शेवाळाचा वास जात नाही. आईने टॉवेल वेगळा ठेवायला लावलाय. तिला कोण सांगणार की मी मुद्दाम वैनगंगेच्या अंगाला उतरलो होतो, कन्हानच्या नाही. नाग नदीतून नागपूरकर जे काही सोडतात ते कन्हानमार्गे आमच्याकडेच येतं.

ग्रँड आयलंडजवळचं बुडालेलं जहाज पाहून गोव्याहून परतल्यापासून डोक्यात एकच भुंगा होता. परक्याचं बुडालेलं पाहायला मी एवढे पैसे मोजले, आणि आपल्याकडे गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली अख्खी गावठाणं पडली आहेत, ती मात्र कधी पाहिली नाहीत. धरण पूर्ण भरलं की पातळी 245.5 मीटर असते. एप्रिलात पाणी उतरतं, तेव्हा काही भिंती डोंग्याच्या बुडाला लागायच्या बेतात येतात.

वैनगंगा-कन्हानच्या संगमावरच्या आंभोऱ्याहून ढिवरकाकांच्या डोंग्यातून निघालो. सिलिंडर अर्थातच नाही. मास्क, फिन्स, चाकू, टॉर्च आणि कमरेला दोरी. दोरीचं दुसरं टोक काकांच्या हातात. गोव्यात नावाड्याने जीपीएसवर जागा धरली होती. काकांनी पुलाचा उंच खांब आणि टेकडीवरचं चैतन्येश्वराचं देऊळ यांचा मेळ घातला, डोंगा थोडा वळवला आणि बांबू खाली सोडला. भस्स. चिखल. पुन्हा सोडला. टक्क!

"हे वाड्याची भित होय. तिकडं चिचेचं खोड हाय. तिकडं जाजो नोको बाबू, जाळं अडकून हाय."

खाली गेलो आणि दोन हातांवर उजेड संपला. समुद्रात खोल जाताना आधी लाल रंग जातो, मग हळूहळू सगळं निळं होतं. इथे वरपासूनच सगळं चहासारखं. टॉर्च लावला तर गाळाचे कणच तेवढे चमकायला लागले, म्हणून बंद केला. बुडालेल्या जहाजाजवळ फिन्स जपून मारायच्या, गाळ उडाला की बाहेरची वाट दिसत नाही, हे शिकवलेलं इथे भलतंच पटलं. भिंत मी पाहिली नाही, चाचपली. दगड, मधे चुना, वर शेवाळाचा बुळबुळीत थर. मग बोटं एका चौकोनी खाचेत गेली. देवळी! कडा अजून शाबूत, आत बोटभर गाळ, आणि त्या गाळातून काहीतरी सळकन मनगटावरून निघून गेलं. मरळ असावी. मी वर आलो तो ठसकतच.

काकांना देवळीचं काही कौतुक नाही. मी एकच भिंत कशी उरली म्हणून विचारलं, तेव्हा ते सहज बोलून गेले. पाणी चढायच्या आधी लोकांनी सागाची दारं, फाटे, कवेलू सगळं काढून पुनर्वसनाच्या गावी नेलं. मातीच्या भिंती तशाच सोडल्या. "मातीले कोन नेते गा?" त्या पाण्यात विरघळल्या. राहिलं ते दगड-चुन्याचं आणि सिमेंटचं: वाडा, शाळा, देवळाचा ओटा. काकांचं घर मातीचं होतं. ते कुठे होतं हे त्यांना बांबू न टाकताही ठाऊक आहे, पण खाली टक्क वाजावं असं काही तिथे उरलेलं नाही.

परतताना बराच वेळ मी हेच घोळवत होतो. जहाज बुडालं तर कप्तानाची खोली आणि खलाशाची खोली एकाच लोखंडाची. दोन्ही सारख्याच गंजतात. गावाचं तसं होत नाही. उद्या कोणी सिलिंडर लावून खाली गेलाच, तर त्याला वाटेल इथे सगळेच वाड्यात राहत होते.

कोकणात निवतीजवळ नौदलाची निवृत्त युद्धनौका 'गुलदार' पर्यटकांसाठी मुद्दाम पाण्याखाली ठेवायचा बेत आहे, हे काकांना सांगितलं. माशांना आसरा आणि पाहुण्यांना तिकीट. त्यांना ते फार गमतीचं वाटलं. आमच्याकडे 1988 साली राजीव गांधींनी धरणाची पायाभरणी केली, तेव्हा माशांच्या आसऱ्याचा विचार कोणी केला नसणार. तरी मासे आलेच. म्हणून तर जाळी तिथेच टाकावी लागतात, आणि तिथेच अडकतात. वाड्याच्या कोपऱ्याला नायलॉनचा एक जुना गुंता होता. मालक केव्हाच सोडून गेला, जाळं मात्र मासे धरतच होतं. आत काट्यांचा सांगाडा आणि एक ताजी, अर्धमेली रोहू. गुंता कापता आला तेवढा कापला. शिशाच्या गोळ्या काकांनी लगेच वेचून खिशात टाकल्या, शिसं महाग आहे म्हणे.

पुढल्या रविवारी चिचेच्या खोडाचं जाळं सोडवायला बोलावलंय, त्यांचंच आहे ते. मजुरी एक शिंगाडा मासा. मी दोन मागितलेत. काका म्हणाले, आधी श्वास धरायला शीक, मग भाव कर.