रिपोर्टमध्ये ‘सेन्सिटिव्ह’, तरी औषध बदललं

आम्ही ठाण्यात वर्तकनगरला राहतो. लघवीच्या इन्फेक्शनमधून आईला हुडहुडी भरून ताप आला, बीपी खाली गेलं, आणि तिला जवळच्या हॉस्पिटलमध्ये दाखल केलं. आधी दोन्ही हातांतून रक्त काढून कल्चरला, म्हणजे त्यातला जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला, पाठवलं आणि लगेच पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम (पिप-टॅझ) हे अँटिबायोटिक सुरू केलं. रिपोर्टची वाट बघत बसायला अशा वेळी सवड नसते.

कल्चरमध्ये ई. कोलाय हा जंतू निघाला, तोही ईएसबीएलवाला, म्हणजे काही अँटिबायोटिक्स फोडणारा. सेफ्ट्रायाक्झोन या दुसऱ्या अँटिबायोटिकपुढे ‘आर’ (रेझिस्टंट, म्हणजे लागू न पडणारं), पण पिप-टॅझपुढे ‘एस’ (सेन्सिटिव्ह, म्हणजे लागू पडणारं). आई थोडी सावरलीही होती. तरी डॉक्टर म्हणाले, मेरोपेनेम या अँटिबायोटिकवर जाऊ. दादा वैतागला. चालू औषध लागू पडतंय असं रिपोर्टच सांगतोय, मग हे महागडं कशाला?

डॉक्टरांनी कागद पुढे ओढून समजावलं, याचं मला फार मोल वाटतं. ईएसबीएल हे सेफ्ट्रायाक्झोनसारखी औषधं फोडणारं एन्झाइम. टॅझोबॅक्टम त्याला अडवतं, म्हणून लॅबमध्ये पिप-टॅझ चालताना दिसतं. पण रक्तात पसरलेल्या अशाच जंतूंवर मेरिनो नावाच्या चाचणीत दोन्ही औषधांची थेट तुलना झाली. निकाल २०१८ मध्ये आले. पिप-टॅझ दिलेल्या १८७ रुग्णांपैकी २३ जण महिन्याभरात दगावले, मेरोपेनेमच्या १९१ पैकी ७. पुढे जंतू पुन्हा तपासले तेव्हा फरक काहीसा कमी झाला, हेही त्यांनी लपवलं नाही. पण आईच्या बाबतीत ती जोखीम त्यांना नको होती. आम्ही हो म्हटलं. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला घटक) वाढलेलं असल्याने डोस किडनीला झेपेल असा ठरवला.

मग प्रश्न आला, किती दिवस? शेजारच्या काकूंनी चौदा सांगितले होते. डॉक्टरांनी सातच म्हटले. २०२४ च्या बॅलन्स चाचणीत ३,६०८ रुग्णांमध्ये ७ दिवसांचा कोर्स १४ दिवसांच्या कोर्सपेक्षा कमी परिणामकारक ठरला नव्हता. मात्र स्टॅफ ऑरियस हा जंतू रक्तात असेल तर हा हिशोब लागू नाही, त्या रुग्णांना चाचणीत घेतलंच नव्हतं. आईचा ताप उतरला होता, सोनोग्राफीत कुठे अडथळा किंवा गळू नव्हतं, म्हणून सात पुरेसे.

डिस्चार्जच्या वेळी त्यांनी कल्चर रिपोर्टची प्रत मागून घ्यायला लावली. आईला पुन्हा असा ताप आलाच, तर नव्या डॉक्टरांना पहिलं इंजेक्शन निवडतानाच ईएसबीएलचा इतिहास कळायला हवा. तो रिपोर्ट आता दादाच्या आणि माझ्या, दोघांच्याही फोनमध्ये आहे.