सॅलड वाढणार नाही

शुक्रवार, रात्रीचे पावणेबारा

छोटीचा मेसेज दुपारपासून तसाच पडलाय. "ताई जपानी गाणी सांग ना, अ‍ॅनिमेची नको ती सगळी ऐकून झालीत, काहीतरी दणदणीत सांग." पुण्यात एन-४ ची, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेच्या खालून दुसऱ्या पातळीची तयारी चाललीये तिची, डिसेंबरात पेपर. मी इथे जपानात ऑफिसातून नुसता अंगठा पाठवला आणि विसरले, आणि आता नोमिकाईवरून घरी येऊन पाय गरम पाण्याच्या बादलीत टाकून बसलेय तेव्हा आठवलं.

नोमिकाई म्हणजे ऑफिस सुटल्यावर सगळ्यांनी मिळून प्यायला जायचं. येणार का असं विचारतात, पण नाही म्हणायची सोय फारशी नसते. तर आज इझाकायात, म्हणजे इथल्या दारूच्या खानावळीत, टेबलावर सॅलडचा हा मोठा बाऊल आला, चिमटा त्यातच खोचलेला, बारा माणसं, त्यात बायका दोन, आणि कोणी कोणाला काही बोललं नाही. काही सेकंद शांतता. मग समोरच्या मुलीने चिमटा उचलला आणि मी प्लेटा पुढे करायला लागले, टोमॅटो सगळ्यांना सारखे आले पाहिजेत वगैरे. आजोळी पुरुषांची पंगत आधी बसायची तेव्हा मी तिथून पळून गच्चीवर जायचे, आणि इथे सहा हजार किलोमीटरवर येऊन हेच करतेय!

पण तेवढ्यात डोक्यात एक गाणं सुरू झालं आणि उरलेली प्लेट हसत हसत भरली. ओतोबोके बीव्हर नावाचा चार बायकांचा पंक बँड आहे, क्योतोचा, २००९ साली रित्सुमेइकान युनिव्हर्सिटीच्या म्युझिक क्लबमधे जमलेला. त्यांच्या २०२२ च्या 'सुपर चाम्पोन' अल्बममधे अठरा गाणी आहेत आणि सगळी मिळून जेमतेम वीसएक मिनिटं. त्यातलं एक बरोब्बर याच विषयावर आहे, 'साराडा तोरिवाकेमासेन कोतो यो', म्हणजे सॅलड वाटून देणार नाही. मजा त्या शेवटच्या 'कोतो यो' मधे आहे, जुन्या खानदानी घरातल्या बाईसाहेब बोलतील तसं ते शेपूट, आपल्याकडे कोणी अगदी नाजूक आवाजात "आम्हांस वाढणे जमायचे नाही हो" म्हणावं तसं, आणि मागे ड्रम असे की शेजारच्याने दार ठोठावावं. इतकी वर्षं मी केइगो, म्हणजे जपानीतली आदरार्थी भाषा, घोटतेय, मेलमधे तीन वेळा माफी मागितल्याशिवाय एक फाइल मागता येत नाही मला, आणि या बायका तीच सभ्य भाषा घेऊन तिच्यातूनच नाही म्हणतात. क्लासमधे नकारार्थी रूपं शिकवली होती सगळी, ती वापरायची कशी हे मात्र मला पंकने शिकवलं.

पण छोटीला हे पहिलं पाठवून चालणार नाही, शब्द इतके भरभर येतात की मलाच लिरिक्स उघडून बसावं लागतं. तिच्यासाठी पहिलं म्हणजे 'लिंडा लिंडा'च. बँड द ब्लू हार्ट्स, १९८७. इथे शाळेतल्या पोरांपासून रिटायर्ड काकांपर्यंत सगळ्यांना येतं. सुरुवात इतकी हळू की भावगीत लागलंय वाटावं, आणि पहिलाच शब्द दोबुनेझुमी, गटारातला उंदीर. त्या उंदरासारखं सुंदर व्हायचंय म्हणतो गडी, फोटोत दिसत नाही असलं सुंदर. मग एकदम गिटार सुटतात आणि गायक कोमोतो हिरोतो जागच्या जागी उड्या मारायला लागतो, व्हिडिओ बघायलाच पाहिजे. आणि भाषा? एन-४ वालीला नव्वद टक्के कळेल. 'ओरे' वगैरे दादागिरीचं 'मी' नाही, साधं 'बोकु' आणि 'किमी', मी आणि तू. पंकवाल्याने शिव्या द्याव्यात अशी माझी समजूत होती आणि हा तिसरीतल्या पोराच्या शब्दांत बोलतो, त्यामुळे जास्त लागतं.

त्यांचंच 'हितो नि यासाशिकु' पण. त्यात तो शेवटी 'गांबारे' म्हणून ओरडतो. हा शब्द मी ऑफिसात दिवसातून दहादा ऐकते, गांबात्ते कुदासाई, म्हणजे लाग कामाला, आणि दर वेळी पाठीवर गोणी ठेवल्यासारखं होतं. त्याच्या तोंडून तोच शब्द आला की मात्र कोणीतरी हाताला धरून उठवल्यासारखं वाटतं. का ते माहीत नाही.

आता गंमत अशी की ही दोन्ही गाणी मी पहिल्यांदा ऐकली ती आमच्या काचोकडून, म्हणजे सेक्शनच्या साहेबाकडून. तोच, आज चिमट्याकडे बघून न बघितल्यासारखं करणारा. दोन वर्षांपूर्वी कराओकेत टाय डोक्याला बांधून त्याने लिंडा लिंडा म्हटलं होतं, उड्यांसकट, आणि शेवटी डोळ्यात पाणी. त्याला विचारावंसं वाटतं की बाबा तू ऐकतोस काय आणि वागतोस काय, पण तेवढं जपानी अजून मला येत नाही. किंवा येतं, हिंमत नाही.

त्या गाण्यावरून २००५ मधे 'लिंडा लिंडा लिंडा' सिनेमा पण आला, शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मुली घाईघाईत बँड जमवतात आणि गायला घेतात कोरियाहून आलेल्या मुलीला जिला जपानी धड येत नाही. त्या मुलीचं काम कोरियन नटी बे दूनाने केलंय. मी तीनदा बघितलाय, कारण उघड आहे. आणि त्या सिनेमावरून अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसच्या शाळकरी मुलींनी बँडचं नाव ठेवलं द लिंडा लिंडाज, २०२१ मधे लायब्ररीत वाजवलेला त्यांचा व्हिडिओ जगभर फिरला. एक उंदीर कुठून कुठे गेला बघा.

छोटीला अजून काय द्यावं? शोनेन नाइफ नक्की. ओसाकाच्या बायका, १९८१ पासून चालू, १९९१ मधे इंग्लंडात निर्वाणा या अमेरिकन रॉक बँडच्या आधी स्टेजवर वाजवून आलेल्या आणि गाणी कशावर तर केळ्याचे वेफर्स आणि सुशी. मोंगोल ८०० पण, इथे मोंपाची म्हणतात, ओकिनावाची पोरं, त्यांचं २००१ चं 'चीसाना कोई नो उता' कराओकेत इतकं घासलंय की मला नको झालंय, पण पहिल्यांदा ऐकणाऱ्याला गोडच लागेल. त्याच अल्बममधलं 'र्‍युक्यू आइका' जास्त चांगलं आहे असं माझं मत, ओकिनावावर प्रेम आणि लढाई नको हे दोन्ही त्यात आहे. हाय-स्टँडर्डचा 'मेकिंग द रोड' (१९९९) मला जीव की प्राण आहे पण ते गातात इंग्रजीत, परीक्षेला उपयोग शून्य. त्यांचा ड्रमर त्सुनेओका २०२३ च्या फेब्रुवारीत गेला, तेव्हापासून 'स्टे गोल्ड' लावलं की आधी ड्रमच ऐकले जातात.

द स्टालिन हा पंक बँड सांगू का नको? त्यांचा गायक एंदो मिचिरो, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला स्टेजवरून प्रेक्षकांत डुकराची मुंडकी आणि आतडी फेकायचा. मावशीने सर्च केलं तर मलाच फोन येईल. राहू दे, 'रोमांटिस्ट' एवढंच पाठवते, बाकी तिचं ती शोधेल. लाइव्ह हाउसबद्दल, म्हणजे बँड वाजतात त्या छोट्या हॉलबद्दल, सांगायचं राहिलं, तिकिटावर पाचसहाशे येनचं ड्रिंक सक्तीचं असतं आणि बॅग स्टेशनच्या लॉकरमधे टाकून जायचं, पण ते ती इकडे येईल तेव्हा.

पाठवली सगळी. सॅलडवालं राहवलं नाही म्हणून तेही पाठवलं, शेवटी. तिकडे सव्वाआठच वाजलेत, लगेच उत्तर आलं: "ताई हे कोतो यो कुठल्या धड्यात आहे? आमच्या पुस्तकात नाहीये. पेपरात येतं का?"

पाणी गार झालं. आता हिला काय लिहू.