जिऱ्याने जिरवली: निफाडहून उंझ्याला

२०२३ च्या पावसाळ्यात जिऱ्याचा भाव क्विंटलला ६० हजारांच्या वर गेला आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. आमचं घर निफाड तालुक्यातलं, कांदा आणि द्राक्ष यापलीकडे कुणी बघितलेलं नाही. तरी पाच गुंठे जिरं टाकलं. बी किराणा दुकानातलं. नोव्हेंबरअखेरच्या अवकाळीमुळे वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, मिळेना, पेरणी डिसेंबरात गेली. शेजारी कांदा होता, तेव्हा नानांनी कांद्याबरोबर जिऱ्यालाही इमानेइतबारे पाणी दिलं. फुलोऱ्यात दोन दिवस आभाळ आलं, चौथ्या दिवशी वाफे तपकिरी. हाती लागलं सव्वा किलो, आणि तोवर भावही निम्म्याच्या खाली आलेला. "जिऱ्याने तुझी चांगली जिरवली," हे वाक्य नानांनी तेव्हापासून प्रत्येक लग्नात ऐकवलंय.

म्हणून यंदा मार्चच्या पहिल्या आठवड्यात नाना, दाजी आणि मी असे तिघे गाडी काढून उत्तर गुजरातला गेलो. जिरं पिकतं तिथे ते कसं पिकतं, हे एकदा डोळ्यांनी बघावं म्हणून.

रस्ता वणी, सापुतारा, वघई, वांसदा, चिखली असा. चिखलीला मुंबई-अहमदाबाद महामार्ग लागतो, पुढे सुरत, भरूच, वडोदरा, अहमदाबाद, मेहसाणा. आम्हाला गाठायची होती ती जिऱ्याची बाजारपेठ, उंझा, मेहसाण्याच्या उत्तरेला साधारण २५ किलोमीटर. एकूण अंतर सहाशेच्या आसपास. दाजी म्हणत होते एका दमात जाऊ. आम्ही गेलो आणि दुसऱ्या दिवशी कुणाची पाठ सरळ होईना. तुम्ही वडोदऱ्याला मुक्काम करा. आणि निघण्याआधी डिकी तपासा. गुजरातेत दारूबंदी आहे, सापुताऱ्याच्या नाक्यावर गाडी उघडायला लावतात. नाशिककराच्या गाडीत एखादी वाईनची बाटली कुणाच्या तरी वाढदिवसाची राहून गेलेली असतेच.

आमची पहिली चूक म्हणजे उंझ्यात उतरून जिऱ्याची शेतं शोधणं. उंझा हे जिरं विकण्याचं गाव. आजूबाजूला एरंड, मोहरी, बडीशेप दिसते; जिऱ्याचे मोठे पट्टे पश्चिमेला, पाटणच्याही पुढे राधनपूरच्या बाजूला, तसेच बनासकांठा, सुरेंद्रनगर, कच्छकडे. अर्धा दिवस असाच गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला निघालो, पाटण ओलांडलं आणि दीडेक तासात एका गावाजवळ रस्त्याकडेला उजेडात माणसं शेतात वाकलेली दिसली. गाडी थांबवली.

जिरं उपटायचं काम पहाटेच का, ते तिथे कळलं. झाड वीतभर, फार तर गुडघ्याच्या खाली. पानं दोऱ्यासारखी, कोथिंबीर-शेपूच्या गोत्यातली. दवाने ओलं असेपर्यंत दाणा देठाला धरून राहतो. ऊन चढलं की नुसता हात लागला तरी गळतो. बायका मुठीने झाडं उपटत होत्या, मुळाची माती पायावर झटकत होत्या आणि शेंडे आत घेऊन छोटे ढीग लावत होत्या. नऊ वाजले तसं काम थांबलं. मी एक शेंडा तळहातावर चोळला. एकेका दाण्याच्या दोन फाकी झाल्या, दोन्हींवर बारीक उभ्या रेघा. आपण ज्याला जिऱ्याचं बी म्हणतो ते खरं तर फळ आहे, ते असं दुभंगतं. तो वास रात्री जेवतानाही बोटांना होता.

शेतमालक काका साठीचे. त्यांची गुजराती आणि आमची मराठी यांची गाठ हिंदीत पडत होती, पण मुद्द्याचं ते गुजरातीतच बोलत. "वादळां आव्यां तो जीरुं गयुं." नाना लगेच म्हणाले, "वादळ? इथे कुठलं वादळ येतंय!" काकांनी वर बोट दाखवलं. गुजरातीत वादळ म्हणजे साधा ढग. वारा नाही, पाऊस नाही, नुसतं दोन-तीन दिवस आभाळ भरून राहिलं की दमट हवेत करपा येतो आणि फुलोऱ्यातलं पीक बसतं. मी नानांकडे बघितलं. नाना जमिनीकडे बघत होते.

पाण्याचं ऐकून तर ते पार गप्प झाले. पेरणीनंतर एक हलकं पाणी, आठ-दहा दिवसांनी उगवणीसाठी दुसरं, मग गरजेपुरती दोन-तीन. दाणा भरला की पाणी बंद. सगळी मिळून चार-पाच. आपल्या काळ्या जमिनीत कांद्याच्या पाळीने पाणी दिलं तर जिऱ्याची मुळं कुजणार नाहीत तर काय होईल! तिथली जमीन रेताड, ओल धरून बसत नाही. उभी झाडं वाळवणाऱ्या मर रोगामुळे एकाच रानात दरसाल जिरं घेत नाहीत, बाजरी-ज्वारीची फेरपालट करतात. भुरी, म्हणजे पानांवर पांढरी पूड धरणारी बुरशी, द्राक्षवाल्यांना वेगळी सांगायला नको. तिथेही तिच्यावर गंधकाची धुरळणी, तीही सकाळी. जीराळो नावाचं एक तण मात्र नवं कळलं. लहान असताना ते हुबेहूब जिऱ्यासारखं दिसतं, खुरपणाऱ्याला नजर हवी.

पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, एकरी पाच-सहा किलो बी, ओळीत फूटभर अंतर, आणि बी बोटाच्या अर्ध्या पेरापेक्षा खोल नको. आठ तास भिजवून पेरलं तर उगवण बरी. वाण बहुतेकांकडे गुजरात जिरे-४. मर रोगाला तो दाद देत नाही म्हणून टिकलाय. तयार व्हायला ११०-१२० दिवस. उत्पादन विचारलं तर काका म्हणाले चांगल्या साली एकरी अडीच-तीन क्विंटल. दाजी हसले, "एवढा कांदा आमचा ट्रॉलीच्या फटीतून सांडतो." खरंय, पण काकांचं पाणी, खत आणि मजुरीही त्या मानानेच.

खळ्यावर बघितलं ते असं: ताडपत्री पसरून ढीग वाळवलेले, मग मळणी, मग वाऱ्यावर उफणणी. जमिनीवर मळलं तर खडे येतात आणि भाव पडतो. लासलगावात खळं म्हणजे व्यापाऱ्याची कांदा उतरवायची जागा. हे आपलं आजोबांच्या वेळचं खळं. नाना तिथे अर्धा तास बसले.

उंझ्याचा बाजार सकाळी लवकर गाठा. जिऱ्याचे ढिगारे ओळीने लावलेले, दलाल आणि व्यापारी एका ढिगावरून दुसऱ्यावर सरकतात, मूठ भरतात, चोळतात, फुंकर मारतात, बोली पुढे. पलीकडे इसबगोल, बडीशेप. हवेत इतकी धूळ की नानांनी अकरा शिंका मोजून दिल्या, रुमाल न्याच. दोन गोष्टी सांभाळा. भाव २० किलोच्या मणावर बोलतात. आपला मण ४० किलोचा, त्यामुळे आम्ही पहिला तासभर सगळा हिशेब निम्म्याने चुकवत होतो. ऐकलेल्या आकड्याला पाचने गुणा, क्विंटलचा भाव मिळतो. दुसरं, मार्चअखेरीला हिशेबासाठी बाजार काही दिवस बंद असतो, शिवाय रविवारी सुट्टी. शेत आणि बाजार दोन्ही बघायचं तर मार्चचे पहिले दोन आठवडे. फेब्रुवारीत गेलात तर पीक दिसेल, आवक नाही, एप्रिलात उलट.

घरच्यासाठी जिरं लिलावात मिळत नाही, बाहेरच्या दुकानांतून घ्या. बियाण्यासाठी किराणा माल नको, हे मी सव्वा किलोच्या अनुभवावरून सांगतो. मेहसाण्याजवळ जगुदणला दांतीवाडा कृषी विद्यापीठाचं मसाला पिकांचं संशोधन केंद्र आहे; जाण्याआधी फोन करा. मुक्काम मेहसाण्यात सोयीचा. पाटणवरून जाताय तर शंभराच्या नोटेवरची राणीची वाव उन्हाच्या आधी बघून घ्या. आम्ही भर दुपारी गेलो, पायऱ्या तव्यासारख्या तापलेल्या.

आता आपल्याकडचं. निफाडला थंडी भरपूर, तिची काळजी नाही. पण बागायती पट्ट्यातली ओल, काळी जमीन आणि जानेवारी-फेब्रुवारीतलं आभाळ हे तिन्ही जिऱ्याचे वैरी. माझा अंदाज असा की करून बघायचंच तर येवला-नांदगावकडच्या हलक्या, निचऱ्याच्या रानात, आणि तेही गुंठ्यात. एकरावर जाऊ नका.

येत्या नोव्हेंबरात दाजींच्या येवल्याच्या मुरमाड तुकड्यात एक गुंठा टाकतोय. पाण्याच्या मोटारीची चावी दाजींकडे राहील. नानांनी होळीपर्यंत तिकडे फिरकायचं नाही, असं परतीच्या वाटेवर वघईला चहा पिताना ठरलंय.