बहात्तराव्या बाइटवर तुटलेली अक्षरे

मराठी मजकुराच्या फायली छपाईसाठी तयार करणे हे माझे काम. एकदा एका दीर्घ निबंधाची साधी मजकूर-फाइल आली. निबंधात कवितांचे उतारेही होते. एडिटरमध्ये पाहिले, तर प्रत्येक ओळ खिडकीच्या निम्म्या रुंदीआधीच संपत होती आणि कित्येक ओळींच्या टोकाला अक्षराऐवजी काळ्या चौकोनातले प्रश्नचिन्ह होते.

वर्ड रॅप चालू असतो तेव्हा एडिटर लांब ओळ केवळ दुमडून दाखवतो. मूळ फाइलला धक्का लागत नाही. येथे मात्र कुठल्यातरी प्रोग्रामने खरेखुरे एन्टर घातले होते. फाइलची प्रत काढून मी सगळ्या एन्टरच्या जागी स्पेस टाकून पाहिली. कविता गद्यात मिसळल्या आणि ‘समुद्र’ शब्दाची शकले झाली.

मग मी मूळ फाइलमधले बाइट, म्हणजे संगणकात मजकूर ज्या आकड्यांच्या रूपात साठवलेला असतो ते आकडे, मोजायला बसलो. यूटीएफ-8 या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो वा हलन्त, 3 बाइट घेते आणि स्पेस 1 बाइट. त्यामुळे दर 72 बाइटांनी ओळ तोडणाऱ्या त्या प्रोग्रामची सुरी मराठीत फार तर चोवीस चिन्हांनंतर, तीही बरेचदा चिन्हाच्या पोटातच, चालत होती. ‘समुद्र’मधल्या ‘म’चे 224 आणि 164 हे बाइट वरच्या ओळीत होते, मध्ये एन्टरचा 10 आणि उरलेला 174 खालच्या ओळीच्या आरंभी. तो 10 काढताच ‘म’ जसाच्या तसा परत आला, तेव्हा मला खरोखर हायसे वाटले. एडिटरने दाखवलेली ती प्रश्नचिन्हे कोणी तशीच सेव्ह केली असती, तर मूळ बाइट कायमचे गेले असते.

यातूनच उपाय सुचला: जी ओळ नेमकी 72 बाइटांची, तिच्यापुढचा एन्टर स्पेस न घालता काढायचा, त्याहून आखूड ओळीपुढचा एन्टर लेखिकेचा, त्याला हात लावायचा नाही. आठ-दहा ओळींच्या कोडने परिच्छेद जुळले, कविताही सावरल्या. मात्र लेखिकेची एखादी ओळ मुळातच 72 बाइटांवर संपली असेल, तर ती पुढच्या ओळीला चिकटणार, हा धोका उरला होता. म्हणून तिच्याकडची छापील प्रत मागवून मी पानन्‌पान ताडून पाहिले. अशी एकच जागा सापडली, एका कडव्याच्या शेवटी. तेथे मी हाताने एन्टर दिला.