आईच्या पलंगावर, पण बाळाच्या वेगळ्या अंथरुणात

न्यूझीलंडमधल्या ऑकलंडमध्ये बाळंतपणानंतर मिडवाइफ, म्हणजे प्रशिक्षित सुईण, घरी येते. आमची मिडवाइफ बाळाचं वजन करायच्या आधी ते कुठे झोपतं ते बघायची. पाळण्यात उशी दिसली की बाहेर, मऊ खेळणं दिसलं की बाहेर. गादी सपाट आणि घट्ट हवी, आणि बाळ दर वेळी उताणं.

एवढ्या काटेकोरपणामागे या देशाचं मोठं दुःख आहे. 1980च्या दशकात इथे हजारामागे सुमारे चार बाळं झोपेतच अचानक दगावत होती, बहुतेक सहा महिन्यांच्या आतली. दूध पिऊन झोपलेलं धडधाकट बाळ सकाळी उठायचंच नाही. मग 1987 ते 1990 मध्ये ऑकलंडचे बालरोगतज्ज्ञ एड मिचेल आणि सहकाऱ्यांनी मोठा अभ्यास केला. पालथं झोपवणं, आईचं धूम्रपान आणि अंगावर न पाजणं या तीन गोष्टी ठळकपणे पुढे आल्या. त्यानंतर बाळाला पालथं झोपवू नका हे देशभर सांगितलं गेलं आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. किती साधी गोष्ट, आणि किती घरं वाचली!

माझ्या आईने फोनवर विचारलं, “अगं, उताणं ठेवलं आणि दूध वर आलं तर घशात अडकेल ना?” ही भीती सगळ्यांनाच वाटते. पण बाळ उताणं असताना श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका तिच्याखाली, त्यामुळे वर आलेलं दूध परत खाली जातं. पालथं असताना नेमकं उलट होतं. शिवाय तोंड गादीत रुतलं तर बाळ स्वतःचाच उच्छ्वास पुन्हा आत घेत राहतं. पालथं ठेवायचं ते जागेपणी, आपण समोर बसून.

मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते पुढचं. माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या, घरांमध्ये मृत्यू तेवढे कमी झाले नाहीत. तिथे बाळ आईजवळच झोपतं, आणि गरोदरपणात धूम्रपानाचं प्रमाणही जास्त होतं. या दोन गोष्टी एकत्र आल्या की धोका फार वाढतो. “बाळाला जवळ घेऊच नका” हे सांगून कोणी ऐकणार नव्हतं, आणि का ऐकावं? तेव्हा माओरी डॉक्टर डेव्हिड टिपेनी-लीच आणि विणकर बायकांनी 2006 च्या सुमारास वाहाकुरा पुढे आणला. हाराकेके या झाडाच्या पात्यांची विणलेली, सपाट तळाची टोपली. ती आईच्या पलंगावरच ठेवायची. बाळ हाताच्या अंतरावर, पण त्याची जागा वेगळी. कोणाचं अंग त्याच्यावर येत नाही, मोठ्यांचं पांघरूण तोंडावर सरकत नाही. 2011 च्या क्राइस्टचर्चच्या भूकंपानंतर घरं विस्कटली, तेव्हा याच कल्पनेवरच्या प्लास्टिकच्या पेट्या, पेपी-पॉड, बाळांसाठी वाटल्या गेल्या. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत वाहाकुरा साध्या पाळण्याइतकाच सुरक्षित दिसला, आणि त्या गटात बाळ सहा महिन्यांचं असतानाही पूर्णपणे अंगावर पाजणाऱ्या आया जास्त होत्या. घरातली माया तशीच ठेवून धोका तेवढा बाजूला काढणारा असा उपाय मी दुसरा पाहिला नाही.

आणखी थोडं. बाळाला घेऊन सोफ्यावर डोळा लागू देऊ नका, ती जागा पलंगापेक्षाही वाईट. गाडीच्या सीटमध्ये झोपलं तर पोहोचल्यावर सपाट गादीवर घ्या. बसल्या बसल्या हनुवटी छातीवर पडते आणि श्वास कोंडतो. झोपताना टोपी नको, अंगावर कपड्यांचे थर नकोत. बाळ वळायला लागलं की दुपट्यात गुंडाळणं थांबवा. घरात कोणीही सिगारेट ओढू नये.

हे सगळं पाळूनही एखादं बाळ जातं. अशा आईला कोणी चुकूनही बोल लावू नये.

एक गोष्ट आजी-आजोबांपर्यंत नक्की पोहोचवा: उताणं झोपायची सवय असलेल्या बाळाला कोणी एकदाच पालथं झोपवलं, तर धोका आणखी वाढतो. आई पुढच्या महिन्यात येते आहे. तिला हे मी आत्ताच सांगून ठेवलंय, आणि दुपारी बाळाला सांभाळणाऱ्या बाईंनाही.