काळ्या रंगाखाली काय निघालं

"वाजतेय ना नीट? मग सोलतेस कशाला?" बाबांचा प्रश्न रास्त होता. माझ्याकडे कारण एवढंच, की त्या चकचकीत काळ्या इलेक्ट्रिक गिटारवरचे बोटांचे ठसे पंधरा वर्षं पुसून मी वैतागले होते. आत सुंदर लाकूड असणार, त्याला नुसतं तेल पाजायचं, असा बेत.

तारा, नेक (गिटारचा लांब दांडा), पिकगार्ड (पुढची प्लास्टिकची पट्टी), ब्रिज (तारा टेकतात तो धातूचा भाग) काढले. वायरींचे फोटो काढून ठेवले. मग रंग उतरवायचं द्रावण फासलं आणि अर्धा तास वाट पाहिली. रंग ढिम्म! पन्नाशीच्या दशकातल्या गिटारींवर नायट्रोसेल्युलोज लॅकर (एक पातळ जुन्या पद्धतीचा रोगण) असायचं, ते असल्या द्रावणाने सुटतं. त्या सुमारास फेंडर या गिटार कंपनीवाले चक्क मोटारींचे रंग वापरायचे; 'लेक प्लॅसिड ब्लू' मुळात कॅडिलॅकचा. माझ्या गिटारवर मात्र पॉलिएस्टरचा जाडजूड थर. त्याला हीट गनच (गरम हवा फेकणारं यंत्र) हवी.

गन सतत फिरती ठेवायची, रंग फुगायला लागला की पत्री (खरवडायची पातळ पट्टी) आडवी घालून ढकलायची. पहिला पोपडा तळहाताएवढा, सलग निघाला. गार झाल्यावर वाकवून पाहिला तर काचेसारखा कडकन तुटला. काळ्याखाली पांढरा थर, त्याखाली पिवळसर सीलर (लाकडाची छिद्रं बुजवणारा थर), आणि हा सीलर सगळ्यात चिवट. सपाट भाग दोन तासांत झाला. गिटारच्या शिंगांच्या (दांड्याच्या दोन बाजूंच्या टोकांच्या) आतल्या वळणांनी पुढचा अख्खा दिवस खाल्ला, आणि तिथेच घाई नडली: गन क्षणभर थबकली नि लाकडावर तपकिरी चटका उठला. (खिडक्या उघड्या, वाफांचा मास्क तोंडावर. एवढं करूनही एक कपची मोज्यात सापडलीच.)

आणि लाकूड? बासवूड नावाच्या लाकडाचे तीन तुकडे, जोड मध्यावर नाहीतच. एका तुकड्यात हिरवट पट्टा, ब्रिजच्या मागे लांबी (पुट्टी) भरलेली. कारखान्याने काळा रंग उगाच नव्हता दिला. अपारदर्शक रंगाखाली कसलेही तुकडे खपतात, हे मला आधी सुचायला हवं होतं.

बासवूड इतकं मऊ, की पत्रीचा कोपरा लागला तरी खोक पडते. पण खोकेवर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवली, की वाफेने दबलेले तंतू फुगून वर येतात. तीनदा केलं, आणि खड्डा बोटाला लागेनासा झाला. या सगळ्या उद्योगात मला सर्वांत जास्त आनंद या इस्त्रीने दिला. फक्त तंतू तुटलेले असतील तर काही उपयोग नाही. मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरपासून २२० पर्यंत, रेषांच्या दिशेने.

तेलाचा बेत अर्थातच बारगळला. गडद तपकिरी स्टेन (लाकडात मुरणारा रंग) ठरवला, चटकाही त्यात खपणार होता. बासवूड स्टेन डागाडागाने पितं, म्हणून आधी लाखेच्या पातळ द्रावणाचा एक हात. वर पुन्हा लाखच, कापसाच्या पुरचुंडीने, गोलगोल फिरवत, एका वेळी अगदी थोडी. पुरचुंडी एका जागी थांबली तर चिकटते आणि खालचा थर उचकटते. मी दोनदा थांबले. घाम आणि स्पिरिट लाखेला सोसत नाही, म्हणून कोपर टेकतं तिथे काही वर्षांनी पुन्हा हात मारावा लागेल. मला ते चालेल. स्वर बदलला का, असं विचारणाऱ्यांना: मला तरी नाही जाणवला.

जोडणी केली, तारा चढवल्या, अॅम्प (आवाज मोठा करणारं यंत्र) लावला. घूंऽऽ. तारांना हात लावला तरी थांबेना. ब्रिजखाली जाणारी, तारांना अर्थिंगशी जोडून ही घरघर थांबवणारी बारीक वायर लाख लावताना मी भोकात आत ढकलली होती, ती तिथेच. फोटोत स्पष्ट दिसतेय. सगळे स्क्रू परत काढले.